इलेक्ट्रोलाइट आणि जीवनसत्त्व क देऊनही उन्हाळ्यात ब्रॉयलरची मरतुक का थांबत नाही? चूक कुठे शोधावी

एप्रिलचा शेवटचा आठवडा उजाडला की विदर्भातल्या ब्रॉयलर शेडवरून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. पाण्यातून इलेक्ट्रोलाइट चालू आहे, जीवनसत्त्व क चालू आहे, खाद्यात बीटेन हे पेशींत पाणी धरून ठेवणारे पूरक द्रव्यही घातले आहे, आणि तरीही दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान पाच आठवड्यांचे, दोन किलोंच्या आसपास भरलेले पक्षी मरतात. दर वर्षी बॅच बदलते, पुड्यांवरची नावे बदलतात, तक्रार मात्र तीच राहते. पश्चिम विदर्भात पशुवैद्यक म्हणून अशा शेडवर जाताना मला बहुतेक वेळा असे आढळले आहे की दिलेले द्रव्य चांगलेच होते, पण ते पक्ष्याच्या पोटात पोहोचेपर्यंत वाटेत कुठेतरी वाया गेले होते, किंवा पोहोचले तेव्हा वेळ टळून गेली होती. ती वाट कुठे तुटते हे क्रमाने कसे तपासावे, ते येथे मांडत आहे.

आधी खात्री करा की मरतुक उष्णतेचीच आहे

उष्माघाताने मरणारा पक्षी सहसा कळपातला सर्वांत जड आणि सर्वांत निरोगी दिसणारा असतो. मरतुक दुपारनंतर सुरू होते, सूर्य मावळल्यानंतरही तास-दोन तास चालू राहते आणि पहाटे जवळजवळ थांबते. पक्षी ताबडतोब उघडून पाहिला तर छातीचे मांस फिकट, उकडल्यासारखे दिसते आणि फुप्फुसांत रक्त साकळलेले असते. याउलट सकाळीही मेलेले पक्षी सापडत असतील, लहान आणि अशक्त पक्षीही त्यांत असतील, विष्ठा हिरवट असेल किंवा पक्षी मान वाकडी करत असतील, तर उन्हाला दोष देऊन पुड्या वाढवत बसू नये. राणीखेत आणि गंबोरो हे रोग मे महिन्यातही येतात, आणि उष्णतेने प्रतिकारशक्ती खालावलेली असते तेव्हा ते अधिक सहजपणे येतात. शवविच्छेदन मात्र मृत्यूनंतर तासाभरातच व्हायला हवे, कारण ४२ अंशांच्या शेडमध्ये पडून राहिलेल्या पक्ष्याचे सगळेच अवयव सारखे दिसू लागतात.

शरीरात काय घडते

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असते, आणि हवा ३० अंशांच्या पुढे गेली की तोंड उघडून धापा टाकणे हाच उष्णता बाहेर टाकण्याचा तिचा मुख्य मार्ग उरतो. मिनिटाला २५-३० असणारे श्वास दीडशे-दोनशेच्या पुढे जातात. या धापांमुळे घशातले आणि श्वासमार्गातले पाणी वाफ होऊन निघून जाते व त्याबरोबर उष्णताही जाते; पण त्याच वेळी रक्तातला कार्बन डायऑक्साइडही गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि रक्ताचा सामू वाढतो, म्हणजे रक्त अल्कधर्मी बनते. हा तोल सावरण्यासाठी मूत्रपिंड बायकार्बोनेट बाहेर टाकते आणि त्याच्यासोबत पोटॅशियम व सोडियमही जाते. पक्षी खूप पाणी पितो, तितकेच बाहेर टाकतो आणि क्षार गमावत राहतो. इलेक्ट्रोलाइट देण्यामागचा सगळा तर्क या एका साखळीत आहे, आणि ती समजली की कोणते क्षार कधी द्यायचे हे आपोआप ठरते.

जीवनसत्त्व क चे कारण वेगळे आहे. कोंबडी ते स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते, म्हणून एरवी तिला ते बाहेरून लागत नाही. तीव्र उष्णतेत मात्र मागणी वाढते आणि तयार होणारा पुरवठा कमी पडतो. बाहेरून दिलेले जीवनसत्त्व क ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण आटोक्यात ठेवण्यास मदत करते, परंतु ते पक्ष्याच्या शरीरातली उष्णता काढून घेत नाही. हे इतक्या स्पष्टपणे सांगण्याचे कारण असे की धापा टाकणाऱ्या कळपाला दुपारी दोन वाजता जीवनसत्त्व क पाजून चार वाजता फरक दिसण्याची अपेक्षा अनेकजण ठेवतात.

पहिला संशय वेळेवर घ्यावा

पुडी उघडली कधी, हा मी विचारलेला पहिला प्रश्न असतो. उत्तर बहुधा असे मिळते की काल मरतुक झाली म्हणून आज सुरू केले. उष्णतेच्या लाटेचा पहिला आणि दुसरा दिवस सर्वांत घातक असतो, कारण पक्ष्याचे शरीर अजून त्या तापमानाला सरावलेले नसते; पाच-सात दिवसांत तोच कळप तेच तापमान पुष्कळ चांगले सोसतो. म्हणजे पूरक द्रव्याची खरी गरज लाटेच्या आधी असते. भारतीय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा इशारा काही दिवस आधी देतो. तो इशारा आल्यावर, लाटेच्या निदान एक-दोन दिवस आधी, जीवनसत्त्व क सुरू झालेले असले पाहिजे.

खाद्यातून द्यावे की पाण्यातून, याचे उत्तरही वेळेतच दडलेले आहे. उष्णता वाढली की पक्षी खाणे कमी करतो आणि पिणे दुपटीच्या जवळ नेतो. त्यामुळे खाद्यात मिसळलेले द्रव्य नेमके गरजेच्या दिवशी पोटात कमी जाते. लाटेच्या आधीची तयारी खाद्यातून करावी आणि प्रत्यक्ष लाटेच्या दिवसांत पाण्याचा आधार घ्यावा, असे माझे मत अनुभवाने पक्के झाले आहे. खाद्यात जीवनसत्त्व क टनाला २०० ते २५० ग्रॅम आणि पाण्यात लिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम हे प्रमाण पुरेसे ठरते. पेलेट म्हणजे दाबून गोळ्या केलेल्या खाद्यात साधे जीवनसत्त्व क वापरले तर पेलेट बनवताना लागणाऱ्या वाफेने आणि उष्णतेने त्यातला मोठा भाग नष्ट होतो. तिथे आवरण चढवलेले किंवा उष्णतेत टिकणारे रूपच मागून घ्यावे.

दुसरा संशय टाकीवर घ्यावा

सर्वांत जास्त नुकसान येथे होते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

क्लोरीन घातलेल्या पाण्यात जीवनसत्त्व क टाकले की दोन्ही एकमेकांना संपवतात. जीवनसत्त्व क क्लोरीनला निष्प्रभ करते आणि त्या क्रियेत स्वतःही नष्ट होते. परिणामी पक्ष्याला जीवनसत्त्व मिळत नाही आणि पाण्यातले जंतूही मरत नाहीत. ज्या दोन-तीन तासांत जीवनसत्त्व द्यायचे, त्या वेळेपुरते क्लोरीन बंद ठेवावे आणि रात्री पुन्हा सुरू करावे. लोखंडाची गंजलेली टाकी किंवा तांब्या-पितळेची जोडणी असेल तर तिथेही जीवनसत्त्व क झपाट्याने खराब होते. प्लास्टिकची टाकी बरी. सकाळी सहाला दिवसभराचे द्रावण करून ठेवणे ही तर नेहमीची चूक आहे. उन्हात तापलेल्या टाकीत दुपारपर्यंत त्यातले फारसे काही उरत नाही. दोन तासांत संपेल एवढेच द्रावण ताजे करावे.

दुसरी चूक खाण्याच्या सोड्याची. जीवनसत्त्व क किंवा सायट्रिक आम्ल आणि सोडा एकाच बादलीत घातले की फेस येतो. हा फेस म्हणजे औषध जोरदार असल्याचे लक्षण मानणारेही मला भेटले आहेत. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्क एकमेकांना मारत असतात. दोन्ही द्यायचेच असतील तर वेगवेगळ्या वेळी द्यावे. शिवाय पाणी जड असेल तर सोड्यामुळे त्यातला चुना खाली बसतो, निपलच्या, म्हणजे पक्षी ज्या छोट्या तोटीतून पाणी पितो तिच्या, तोंडाशी साचतो आणि ऐन दुपारी काही निपल बंद पडतात.

डोझर, म्हणजे बादलीतले घट्ट द्रावण ठरलेल्या प्रमाणात पाण्याच्या लाइनमध्ये सोडणारे यंत्र, वापरणाऱ्यांनी एक साधा हिशेब करून पाहावा. खाण्याचा सोडा २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९६ ग्रॅमच विरघळतो. डोझर १०० लिटरला एक लिटर द्रावण ओढत असेल आणि आपल्याला पिण्याच्या पाण्यात लिटरला २ ग्रॅम सोडा हवा असेल, तर बादलीतल्या द्रावणात लिटरला २०० ग्रॅम सोडा मावायला हवा, आणि तेवढा तो मावतच नाही. उरलेला तळाशी बसतो. सकाळच्या पक्ष्यांना पातळ पाणी मिळते, आणि कोणी बादली ढवळली की शेवटी गाळ ओढला जातो. अशा डोझरमधून लिटरला १ ग्रॅमपेक्षा जास्त सोडा देण्याचा प्रयत्न करू नये. पोटॅशियम क्लोराइडची अडचण तशी नाही. ते लिटरला ३०० ग्रॅमपेक्षा जास्त सहज विरघळते.

आता पाण्याच्या तापमानाकडे पाहा. काळा पाइप उन्हातून शेडमध्ये येत असेल तर दुपारी त्यातले पाणी हाताला चटका देते. पक्षी २०-२५ अंशांचे पाणी आवडीने पितो आणि गरम पाण्याकडे पाठ फिरवतो. पाणीच पोटात गेले नाही तर त्यातले औषध तरी कसे जाणार? टाकीवर गोणपाट बांधून ते ओले ठेवणे, पाइप जमिनीखालून घेणे किंवा त्यावर पाचट टाकणे, आणि दुपारी दर तासाला लाइनच्या शेवटच्या टोकातून तापलेले पाणी सोडून देणे, या तीन गोष्टींचा खर्च एका डब्याच्या किमतीपेक्षा कमी असतो. कोणतीही नवी पुडी लिहून देण्याआधी मी लाइनच्या शेवटच्या निपलखाली थर्मामीटर धरतो.

तिसरा संशय विहिरीवर घ्यावा

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यात क्षार मुळातच जास्त असतात, आणि उन्हाळ्यात पातळी खाली जाते तसे पाणी अधिक मचूळ होत जाते. अशा पाण्यात बाजारातले इलेक्ट्रोलाइट घालताना त्या पाकिटातला मुख्य घटक बहुधा मीठच असतो, हे लेबल वाचून पाहावे.

हिशेबासाठी असे समजा की खाद्यात सोडियम ०.१८ टक्के आहे आणि उन्हामुळे पक्षी दिवसाला १३० ग्रॅमच खातो. त्यातून त्याला सुमारे २३४ मिलिग्रॅम सोडियम मिळते. तोच पक्षी दिवसाला ४०० मिलिलिटर पाणी पितो आणि त्या पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम सोडियम आहे, तर आणखी १२० मिलिग्रॅम आले. त्यावर लिटरला १ ग्रॅम सोडा घातला, तर सुमारे ११० मिलिग्रॅमची भर पडली. म्हणजे खाद्यातून जेवढे ठरवले होते त्याच्या जवळजवळ दुप्पट सोडियम एका दिवसात पोटात गेले. परिणाम म्हणून विष्ठा पाण्यासारखी होते, शेडमध्ये खाली अंथरलेले तूस भिजते, अमोनिया सुटतो, आणि तो अमोनिया ओढत धापा टाकणारा पक्षी आणखी लवकर थकतो. मालकाला मात्र वाटते की हगवण लागली म्हणून अजून इलेक्ट्रोलाइट द्यावे. हे चक्र मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की पाण्याचा तपासणी अहवाल हाती आल्याशिवाय क्षारांची मात्रा सांगायला मी तयार होत नाही.

पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार लिटरला १००० मिलिग्रॅमच्या आत असतील तर नेहमीची मात्रा चालते. ३००० च्या पुढे असतील तर सोडियम असलेले काहीही घालू नये. तिथे टँकरचे किंवा नळाचे पाणी निदान दुपारपुरते मिळवणे हाच उपाय. मधल्या पट्ट्यात मी पोटॅशियम क्लोराइडवर भर देतो, लिटरला १.५ ते २ ग्रॅम, आणि तेही सलग तीन दिवसांपेक्षा जास्त नाही. धापांमध्ये सर्वाधिक गमावले जाते ते पोटॅशियम, आणि त्याने पाणी पिणेही वाढते.

सोडा केव्हा द्यावा याबद्दल गोंधळ आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. रक्त आधीच अल्कधर्मी झालेले असताना अल्क द्यायचे कशाला? सोड्याचा उपयोग लाटेच्या आधी आणि थंड वेळेत होतो: गमावलेल्या बायकार्बोनेटची भरपाई होते, सोडियम मिळते आणि पक्षी अधिक पाणी पितो. खाद्यात टनाला २ ते ५ किलोपर्यंत तो वापरला जातो. मात्र २ किलो सोड्यातून ०.०५ टक्क्याहून थोडे अधिक सोडियम येते, म्हणून तेवढ्या प्रमाणात मीठ कमी करावे लागते. ऐन दुपारी कळप धापा टाकत असताना पाण्यात सोडा घालणे मला पटत नाही. त्या अवस्थेत रक्ताचा सामू खाली आणणारा नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, वापरल्याचे प्रयोग झालेले आहेत, पण त्याची मात्रा चुकली तर उलटे नुकसान होते. पशुवैद्यकाच्या देखरेखीशिवाय ते घरच्या घरी करू नये.

खाद्यातली द्रव्ये आणि एक विसरलेले औषध

बीटेन हे माझ्या दृष्टीने पैसे वसूल करून देणारे द्रव्य आहे. ते पेशींमध्ये पाणी धरून ठेवण्यास मदत करते, त्यामुळे आतड्याच्या पेशी कोरड्या पडत नाहीत, आणि मेथिओनिनचे मिथाइल गट पुरवण्याचे कामही काही अंशी करते. टनाला १ ते २ किलो पुरते. जीवनसत्त्व ई टनाला १०० ते २५० ग्रॅम आणि सेलेनियम किलोला ०.३ मिलिग्रॅमच्या आत ठेवले तर उष्णतेत पेशींची होणारी हानी कमी होते. सेलेनियमच्या बाबतीत मात्र हात राखूनच असावा; उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे आहे, आणि खाद्यातल्या मिश्रणात ते आधीच घातलेले असते. करार पद्धतीत खाद्य कंपनीकडून येत असेल तर त्यात काय काय आहे हे सुपरवायझरला विचारल्याशिवाय वरून काहीही टाकू नये.

आवळा, तुळस आणि गूळपाणी यांबद्दल आदर राखून सांगतो. आवळ्यात जीवनसत्त्व क भरपूर असते, पण प्रत्येक भुकटीत ते सारखे नसते, म्हणून मात्रा बांधता येत नाही. गुळाने पक्ष्याला थोडी ऊर्जा मिळते. मात्र निपल लाइनमध्ये गूळ गेला की आतल्या भिंतीवर चिकट थर धरतो आणि त्यात जंतू वाढतात. गूळपाणी द्यायचेच असेल तर उघड्या भांड्यांतून द्यावे आणि भांडी लगेच धुवावीत.

रक्ती हगवणीसाठी खाद्यात दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी निकार्बाझिन असेल, तर वरचे सगळे करूनही मरतुक थांबणार नाही. या औषधामुळे पक्ष्याची उष्णता सोसण्याची क्षमता घटते. उन्हाळ्यात खाद्याच्या पोत्यावरचे लेबल वाचावे आणि त्यात ते असेल तर बदलून मागावे.

खाद्याची वेळ तर कोणत्याही पुडीपेक्षा महत्त्वाची आहे. खाल्लेले पचताना शरीरात उष्णता तयार होते आणि ती पुढचे काही तास चढत राहते. सकाळी अकराला पोटभर खाल्लेला पक्षी दुपारी तीनला बाहेरच्या उन्हाशी आणि आतल्या उष्णतेशी एकाच वेळी झुंजतो. म्हणून सकाळी दहाच्या सुमारास फीडर वर उचलावेत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर सगळे एकदम खाली सोडावेत, म्हणजे एकाच फीडरवर झुंबड होणार नाही. पहाटे तीन-चारला दिवे लावून खायला दिले तर दिवसाचे बुडालेले खाणे बऱ्याच अंशी भरून निघते. ऊर्जेचा काही भाग मक्याऐवजी तेलातून देणे आणि जादा प्रथिने टाळून लायसिन-मेथिओनिनचा मेळ बसवणे यांनीही पचनाची उष्णता कमी होते. ते काम खाद्य बनवणाऱ्याचे आहे, पण मागणी आपण करायची.

कोकणात आणि गोव्यात हीच समस्या वेगळ्या रूपात येते. तिथे तापमान ३४-३५ अंशच असते, पण हवेत ओल इतकी असते की धापांनी वाफ होतच नाही. फॅरनहाइटमधले तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १६० च्या पुढे गेली की मोठे पक्षी संकटात आहेत असे समजावे. ३५ अंश म्हणजे ९५ फॅरनहाइट, त्यात ७० टक्के आर्द्रता मिळवली की १६५ होतात. अशा ठिकाणी फॉगर, म्हणजे पाण्याचे बारीक धुके उडवणारे फवारे, चालवल्याने ओल वाढून त्रासच वाढतो. तिथे पंख्याचा वारा थेट पक्ष्यांच्या अंगावरून जाऊ द्यावा आणि दर चौरस फुटामागची पक्ष्यांची संख्या कमी करावी. विदर्भातल्या कोरड्या हवेत मात्र फॉगर आणि पंखे एकत्र चालले तर शेड अनेक अंशांनी उतरते.

दुपारी तीन वाजता पक्षी पडू लागले असतील तर

तेव्हा कोणतीही नवी भुकटी पाण्यात घालू नये. अनोळखी चवीमुळे पक्षी पाणी कमी पितात आणि तेवढ्यानेच जीव जातो. लाइनमधले गरम पाणी सोडून द्यावे, टाकीत बर्फाच्या लाद्या टाकाव्यात, पंखे पूर्ण वेगाने चालवावेत आणि छतावर पाणी सोडावे. एका माणसाने शेडमधून अगदी सावकाश चालावे, म्हणजे बसलेले पक्षी उठतील, त्यांच्या पोटाखाली अडकलेली उष्णता सुटेल आणि ते निपलकडे जातील. धावपळ, आरडाओरडा आणि त्या वेळचे लिफ्टिंग, म्हणजे विक्रीसाठी पक्षी पकडून नेणे, हे तिन्ही टाळावे. मेलेले पक्षी लगेच बाहेर काढावेत आणि प्रत्येक तासाची संख्या भिंतीवरच्या कागदावर लिहावी. पाण्याच्या मीटरचा आकडाही त्याच्या शेजारी लिहावा. दुसऱ्या दिवशी पाण्याचा वापर वाढलेला न दिसता मरतुक वाढलेली दिसली, तर चूक टाकीत किंवा लाइनमध्ये आहे. पाणी भरपूर प्यायले गेले आणि तरीही पक्षी मेले, तर हवा, दाटी आणि खाद्याची वेळ तपासावी.

लाट ओसरली की इलेक्ट्रोलाइट त्याच दिवशी बंद करावे. रात्री लाइन पूर्ण रिकामी करून धुवावी, क्लोरीन पुन्हा सुरू करावे, ओले तूस उलटून त्यावर कोरडे पसरावे, आणि पुढचे दोन दिवस कळपाला फक्त साधे, थंड, स्वच्छ पाणी द्यावे.